स्वयंपाक शिकवायला येऊ नका

नंदुरबारच्या बाईला स्वयंपाक शिकवायला कुणी येऊ नये. कंपनीच्या माणसांनी तर मुळीच नाही. यायचे असेल तर दुसऱ्या कामाला यावे. ते काम कोणते, हे सांगण्यासाठीच या आठवड्याची जागा खर्ची घालतो आहे.

कंपन्यांच्या स्वयंसेवा कार्यक्रमांची पद्धत आता ठरून गेली आहे. मुंबई, पुणे नाहीतर सुरतेहून माणसे येतात. अंगावर एकसारखे टी-शर्ट, छातीवर कंपनीचे नाव. अंगणवाडीसमोर मांडव, मांडवात गॅसची शेगडी, टेबलावर वाट्यांमधून चिरून ठेवलेल्या भाज्या. मागे ‘पौष्टिक पाककृती वर्ग’ असा फलक. कधी नाचणीचे धिरडे, कधी मिश्र पिठाचे कटलेट, कधी बिटाचा पराठा. बायका सतरंजीवर, पोरे मांडीवर. कंपनीची मुलगी मराठीत सांगते, अडली की हिंदीत. अंगणवाडीताई तेच पावरीत नाहीतर भिलीत सांगते. दोन तासांत पदार्थ होतो, वाटला जातो, फोटो निघतो. घाटात अंधार नको म्हणून गाड्या उन्हातच परत फिरतात. मग अहवालात नोंद पडते: इतके स्वयंसेवक, इतके तास, इतक्या माता.

या माणसांचा हेतू बहुतेकदा चांगला असतो. हक्काची सुट्टी मोडून, रात्रभर प्रवास करून ती येतात. त्यांची टिंगल करण्यात मला रस नाही. चुकीच्या दारात उभ्या राहिलेल्या भल्या माणसाला बरोबर दार दाखवून द्यावे, एवढाच उद्योग.

चूक आहे ती समजुतीत. पोर हडकले, म्हणजे आईला पौष्टिक शिजवता येत नाही, ही ती समजूत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची सुमारे ५७ टक्के मुले कमी वजनाची निघाली. आकडा भयंकर आहे. तो वाचून काहीतरी करावेसे वाटणारच. पण या आकड्यावरून थेट आईच्या अज्ञानावर उडी मारायला आधार काय? ज्या जिल्ह्यात दर शंभरात ६९ माणसे आदिवासी आहेत तिथे ही उडी सोपी जाते. आदिवासी बाईला काही येत नाही, हे आपल्या मनात फार आधीपासून बसलेले असते. शहादा किंवा नंदुरबार शहरातल्या सुखवस्तू घरी जाऊन तुम्ही सुनेला वरण कसे लावायचे ते शिकवाल का? नाही शिकवणार. मग धडगावच्या डोंगरात ही हिंमत कुठून येते?

तिला काय येते ते ऐका. ज्वारीची आणि मक्याची भाकरी तिच्या हातची. उडदाची डाळ तिची. पहिल्या पावसानंतर डोंगरात उगवणाऱ्या भाज्यांपैकी कोणती कोवळी असतानाच खुडायची, कोणती उकळून पाणी टाकून द्यायची, कोणत्या कंदाला हात लावायचा नाही, हे तिला लहानपणापासून माहीत. अंबाडी, शेवगा, टाकळा, करटुली यांची पुस्तके आपल्याकडे आत्ता आत्ता निघू लागली. मोहाची फुले पहाटे वेचून, वाळवून वर्षभर पुरवणे तिला येते. चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून, कापून, कातळावर वाळवून आमचूर करणे तिला येते. धडगावचा पांढराशुभ्र आमचूर व्यापारी पोत्यांनी उचलतात आणि देशभरच्या मसाल्याच्या डब्यांत तो जातो. डब्यावर धडगावचे नाव नसते. नवापूरच्या तूरडाळीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आणि भगर. पुण्या-मुंबईच्या घरांत एकादशीला, महाशिवरात्रीला जी भगर शिजते, तिच्यासारखीच भगर, मोर आणि बर्टी या नावांनी, सातपुड्याच्या उतारांवर पिकते. इथल्या बाईने ती पेरली, निंदली, कापली, उखळात सडली. धान्य न सडता विकले तर भाव पडतो. सडायचे तर खांदे भरून येतात. बराचसा माल तसाच बाहेर जातो आणि नाशिककडच्या गिरण्यांतून स्वच्छ होऊन शहरात पोचतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्या वर्षी किती कार्यालयांनी भरडधान्याच्या पाककृती स्पर्धा घेतल्या! त्या स्पर्धांना परीक्षक म्हणून मोलगीची किंवा धडगावची एखादी बाई बोलावली गेली असती तर गुणपत्रिका वेगळी झाली असती. धडगावच्या शेतकऱ्यांनी बायफ संस्थेच्या मदतीने मका-ज्वारीच्या स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली आहे. पीक कोणते, वाण कोणता, चव कशाची, हे तिथे बसून शिकण्यासारखे आहे. शिकवण्यासारखे नाही.

मग पोर का हडकते?

तेल नसते म्हणून. अंडे नसते म्हणून. आई सकाळी कामाला जाते आणि दिवसभर पोर पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते म्हणून. लहान मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे लागते, हे प्रत्येक वर्गात सांगतात. खरेच आहे ते. पण भरवायला घरी कुणी तरी हवे ना? पाणी डोक्यावरून आणायचे, सरपण डोंगरातून आणायचे, मुलीचे लग्न अठराच्या आत उरकलेले, दोन बाळंतपणांत अंतर नाही, बाळंतिणीच्या अंगातच रक्त नाही. यातली एकही गोष्ट कटलेटने सुटत नाही. पोराला हगवण लागली, ताप आला की खाल्लेले अंगी लागत नाही. तेव्हा लागतो तो दवाखाना. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून आजही माणूस झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावा लागल्याच्या बातम्या येतात.

आता तारखांचे बघू, कारण मला सर्वांत जास्त राग तिथे येतो.

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवला. अनेक कंपन्यांचे स्वयंसेवेचे आठवडे या तारखेभोवती बसवलेले असतात. दुसरी लाट मार्चमध्ये येते, आर्थिक वर्ष संपताना. आणि इथे काय चालू असते? दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबे गुजरातची वाट धरतात. कुणी बार्डोली-सुरतेकडे ऊसतोडीला, कुणी सौराष्ट्रात शेतमजुरीला. पोरे बरोबर जातात. घराला कडी, पाड्यावर म्हातारी माणसे. माणसे परततात ती होळीला. काठीच्या राजवाडी होळीसाठी तर कुठून कुठून येतात. म्हणजे ५ डिसेंबरला तुम्ही ज्या आईला बिटाचा पराठा शिकवायला निघालात ती त्या दिवशी उसाच्या फडात कोयता चालवत असते. पोर पाचटाच्या खोपीत असते. पटावर नाव नंदुरबारच्या अंगणवाडीत, पोट गुजरातेत. सप्टेंबर हा २०१८ पासून पोषण महिना; तेव्हा पाड्यावर माणसे असतात, पण शेतात निंदणी आणि उडीद-मुगाची काढणी चालू असते, आणि एक दिवस वर्गाला बसणे म्हणजे एका दिवसाची मजुरी. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बाळासोबत राहणाऱ्या आईला सरकार बुडीत मजुरी देते. सरकारला हे कळले. कंपनीच्या मांडवात बसणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी कोण देतो?

खरी टंचाई असते आषाढ-श्रावणात. कणगी रिकामी, नवे पीक अजून उभे, नाले भरलेले, रस्ते तुटलेले. तेव्हा या. टी-शर्ट भिजेल, पण उपयोग होईल.

स्वयंपाकघर म्हणाल तर इथे आधीपासून चालू आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली आदिवासी भागासाठी काढली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण ताट: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळी. पुढच्या वर्षी सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी किंवा केळी सुरू झाली. ताटाचा दर २२ रुपयांवर सुरू झाला, पुढे ३५ वर गेला. ताट रांधतात अंगणवाडीताई आणि मदतनीस. पैसे गावच्या आहार समितीच्या बँक खात्यात येतात आणि ते वेळेवर येत नाहीत, ही तक्रार जितकी जुनी योजना तितकीच जुनी. पैसे अडकले की ताई किराणा उधारीवर आणते. उधारी तिच्या नावावर. दुकानदार तिच्या दारात. मानधन एवढेसे, त्यात हा ताप. ताट काय असावे हे ठरलेले आहे, रांधणारी हुशार आहे, खाणारी समोर बसली आहे. अडते ते बिलावर, खात्यावर, वाहतुकीवर आणि अंड्यावर.

अंड्यावर थांबतो. नवापूर हे याच जिल्ह्यातले गाव, कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सगळ्या देशाला नवापूरचे नाव तेव्हा कळले. २०२१ साली पुन्हा तोच आजार आला आणि त्यातून पुन्हा हा धंदा उभा राहिला. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला अंड्यांचे डोंगर आणि दुसऱ्या टोकाला, खऱ्या डोंगरात, पोराच्या ताटात अंडे नाही. मधे काय आहे? घाट आहे, खड्डे आहेत, फुटतूट आहे, उन्हाळ्यात माल टिकत नाही, अंड्याचा सरकारी दर बाजारभावाच्या मागे धावतो. पण याच पाड्यांवरच्या टपरीत पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा टांगलेला असतो. शाम्पूची पुडी असते. गुटखाही असतो. वेफर्स पोचतात, अंडे पोचत नाही! पुडा शेवटच्या टपरीपर्यंत पोचवण्याची विद्या कुणाकडे आहे? कंपन्यांकडे. वितरक, उपवितरक, मोटारसायकलवरचा पोऱ्या, आठवड्याची फेरी, परतीचा माल, फुटतुटीचा हिशेब. ही विद्या घेऊन या. महिनाभर नवापूर-धडगाव मार्गावर अंड्याची साखळी बसवून द्या. कंपनीच्या वितरण विभागातला एक जाणता माणूस या कामाला बसला तर चाळीस जणांच्या पाककृती वर्गाने होणार नाही ते होईल.

पोचवणे म्हणजे काय असते, हे या जिल्ह्याने देशाला दाखवलेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत नर्मदेकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि सुमारे १८ किलोमीटर वल्हवत त्या काठावरच्या पाड्यांवर आहार पोचवत राहिल्या. बाळांची वजने घेतली, गरोदर बायकांची विचारपूस केली. आठवड्यातून बरेच दिवस, महिनोन्‌महिने. सरदार सरोवराच्या फुगवट्याने रस्ते गिळले. महाराष्ट्रातली ३३ गावे या प्रकल्पात बुडीताखाली आली. वर्तमानपत्रांनी रेलूताईंचे कौतुक केले, करायलाच हवे होते. पण कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी तरी त्या काठाला कायमची यंत्रहोडी आणि तिच्या डिझेलचा पाच वर्षांचा खर्च बांधून द्यायला हवा होता. स्त्रीच्या खांद्यांवर योजना चालते आणि आपण त्या खांद्यांना शाबासकी देतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण कंपनीच्या माणसांनाच तो पुष्कळदा ठाऊक नसतो. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ म्हणते की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्याला लावावी. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. कर्मचाऱ्याने या कामाला दिलेल्या वेळाइतका पगार या खर्चात धरता येईल, असे त्यात होते. म्हणजे धडगावला भाजी चिरणाऱ्या व्यवस्थापकाचा त्या दिवसाचा पगार, तोही शहरातला पगार, कुपोषणावरचा खर्च म्हणून मांडता येत होता. जानेवारी २०१६ च्या खुलाशात मंत्रालयाने ते नाकारले. कर्मचाऱ्यांना सामील करून घ्या, पण त्यांच्या वेळेचे पैसे खर्चात मांडू नका, असा त्याचा अर्थ. उत्तम केले. मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकेकदाचे कार्यक्रम या खर्चात बसत नाहीत, हे तर २०१४ च्या परिपत्रकातच होते. आता स्वयंसेवा ही खरोखर स्वयंसेवा आहे. तिचा हिशेब समाजकार्याच्या खर्चात दाखवायचा नाही. मग ती फोटोसाठी तरी का वाया घालवता?

एका दिवसाचे पाहुणे नंदुरबारला नवे नाहीत. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान मनमोहनसिंग आले, सोनिया गांधी आल्या. फोटो सगळीकडे छापून आले. त्यानंतर कितीतरी वर्षे वार्ताहर टेंभलीला जाऊन त्याच लोकांना विचारत राहिले, बदलले काय? उत्तरे निराशेची होती. २०१८ साली नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला; राज्यातल्या चार जिल्ह्यांतला एक. यादीत आल्याने पाहुणे वाढले. पाहुणा परत येतो की नाही, हे कुठल्या यादीत मोजत नाहीत.

अमेरिकेत असे स्वयंपाकाचे वर्ग गरीब वस्त्यांत १९९३ पासून चालले. ‘शेअर अवर स्ट्रेंग्थ’ नावाच्या संस्थेने सुरू केले, पुढे त्यांना ‘कुकिंग मॅटर्स’ हे नाव मिळाले. स्वयंसेवक आचारी आणि आहारतज्ज्ञ शिकवत. त्यांची रीत मात्र बघा. सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, दोन तास. शिकणाऱ्यांची तीच तुकडी. आणि त्या दिवशी जो पदार्थ केला त्याचा शिधा पिशवीत घालून घरी न्यायला द्यायचा. तिथे डबाबंद खाण्याने पिढीच्या पिढी चुलीपासून तुटली होती, म्हणून शिकवण्याला अर्थ होता. आपल्याकडे चूल पेटती आहे. तिथले घ्यायचे असेल तर सहा आठवडे घ्या आणि शिध्याची पिशवी घ्या.

महाराष्ट्रात रांधणाऱ्या बाईचे भले कधी झाले, ते आठवा. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका गिरणी कामगारांच्या खानावळी चालवत होत्या. एकेका खोलीत दहा-वीस जणांचे जेवण. हातात चव होती, गिऱ्हाईक दाराशी होते, आणि तरी त्या वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आणि पुढे कामगार चळवळीतून आलेल्या. त्यांनी खानावळवाल्यांना नवी आमटी शिकवली नाही. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले, एकमेकींच्या जामिनावर कर्ज मिळवून दिले. चवीवर व्याज भरणे थांबले, तेव्हा खानावळवाली उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी जी गोष्ट परळ-लालबागमध्ये कळली ती आज सातपुड्यात पुन्हा पहिल्यापासून शिकायची का?

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच राज्यातले. अंगणवाडीतून घरी द्यायच्या आहाराचे काम बचत गटांना मिळावे, ठेकेदारांना नको, असे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवले होते. २०१६ साली राज्याने जी निविदा काढली तिच्यातल्या अटी अशा होत्या, की साधा गट दारातच अडावा. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते सुमारे ६,३०० कोटींचे ठेके रद्द ठरवले. शिरा-उपम्याच्या तयार पिठाची पाकिटे पोरे खात नाहीत, गुरांपुढे पडतात, अशा तक्रारी तेव्हा गावोगाव होत्या. बचत गटातल्या बाईला उपमा येत नव्हता म्हणून काम गेले का? उलाढालीची कागदपत्रे, यंत्रांची अट, निविदेची भाषा यांनी ती हरली. कागदाच्या लढाईत तिच्या बाजूने कुणी नव्हते. कंपन्यांत याच कागदाची माणसे भरलेली असतात. लेखापाल, खरेदी अधिकारी, वकील, वेष्टन करणारे, गुणवत्ता तपासणारे. ही माणसे धडगावला येतात तेव्हा त्यांच्या हातात विळी देतात. सनदी लेखापालाला गाजर किसायला बसवायचे, याला मी उधळपट्टी म्हणतो.

म्हणून मागणे साधे आहे. अमृत आहाराच्या समितीला हिशेबाची वही नीट लावून द्या, थकीत पैशाचा पाठपुरावा तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत तुमच्या पत्रव्यवहाराच्या ताकदीने करा. बचत गटाची अन्न सुरक्षा नोंदणी काढून द्या. आमचुराला पाकीट, पाकिटावर तारीख आणि धडगावचे नाव द्या. भगर सडायचे यंत्र आणि, त्याहून महत्त्वाचे, ते बिघडले की दुरुस्त करणारा तालुक्यातला तरुण तयार करा. बंद पडलेली यंत्रे मांडायला पाड्यांवर जागा उरलेली नाही. नंदुरबारजवळ कोळद्याला डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथली माणसे जिल्ह्याचे पीकपाणी ओळखतात. आधी त्यांना विचारा, मग या. एक पाडा धरा आणि वर्षभर तोच धरा. स्वयंपाकाचा वर्ग घ्यायचीच हौस असेल तर तो तुमच्या कार्यालयात घ्या, शिकवायला पावरा बाईला बोलवा, तिला येण्याजाण्याचे भाडे आणि शहरातल्या आचाऱ्याला देता तेवढे मानधन द्या. तुमच्या आचाऱ्यांना मोकळी भगर कशी शिजवायची ते ती दाखवील.

आणि खरेदी करा. तुमच्या कंपनीच्या उपाहारगृहात रोज शेकडो माणसे जेवतात. आठवड्यातून एक दिवस सातपुड्याची भगर, आमटीला आमचूर, नवापूरची तूर, यासाठी समाजकार्याच्या निधीला हातही लावावा लागत नाही. हा किराण्याचा खर्च आहे, तो तुम्ही कुठे ना कुठे करताच. फक्त मागणी वर्षाची एकदम नोंदवा, भाव आधी ठरवा आणि आगाऊ रक्कम द्या. आगाऊ का, तेही सांगतो. ऊसतोडीचा मुकादम पावसाळ्यातच पाड्यावर फिरतो. कणगी रिकामी असते तेव्हा तो उचल देतो आणि ती उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर नवरा-बायको पोरासकट फडावर जातात. भगरीच्या एका मागणीने सगळ्यांचे जाणे थांबणार नाही. पण गटातल्या ज्या चार-सहा बायकांना सडणे, निवडणे, पाकिटे भरणे यांची मजुरी हिवाळाभर गावातच मिळेल, त्यांची पोरे अंगणवाडीच्या ताटावर राहतील, वजनकाट्यावर दर महिन्याला दिसतील. त्यासाठी कंपनीचा पैसा मुकादमाच्या आधी पोचला पाहिजे. डिसेंबरच्या कार्यक्रमाची तारीख रद्द करा, खरेदी विभागाला कामाला लावा आणि रक्कम बचत गटाच्या खात्यात ऑगस्ट संपायच्या आत जमा करा.